बिनहळदीचा चेहरा

"सजीव त्वचा आढळली नाही," कपाटाएवढ्या यंत्रातून बाईचा गोड आवाज आला. "कृपया पुन्हा प्रयत्न करा."

शैलजा मगदूमने पुन्हा प्रयत्न केला. हनुवटी पट्टीवर टेकवली, काळ्या काचेकडे नजर लावली. निळसर दिवे आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग वरून लखलखले आणि विझले.

"सजीव त्वचा आढळली नाही."

"श्रेणिक, तुझ्या ह्या बाईला सांग, मी सकाळी दोन भाकरी आणि वांग्याची भाजी खाऊन आलेय. मेलेली माणसं एवढं खात नाहीत."

मिरजेच्या त्या सेवा केंद्रात बाकावर बसलेली माणसं हसली. केंद्र चालवणारा श्रेणिक उपाध्ये हसला नाही. तिशीतला हा पोरगा एरवी बोलका. आज त्याने मुकाट्याने काचेवर फडकं मारलं, दिवे तपासले, शैलजाला चष्मा काढायला लावला, केस मागे घ्यायला लावले. यंत्र आपल्या म्हणण्यावर ठाम होतं.

"काय करू सांगा काकू," तो आवाज उतरवून म्हणाला. "आज तुम्ही चौथ्या."

"चौघीही मेलेल्या?"

"पुरुषांना काही म्हणत नाही ते. परवा एका आजोबांना नाकात नळी घालून स्ट्रेचरवरनं आणलं होतं. त्यांना एका झटक्यात जिवंत म्हणालं."

"आजोबांचं नशीब," शैलजा म्हणाली आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

ती एकसष्ट वर्षांची होती. नवरा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होता. त्याच्यामागे तिला कुटुंबाची पेन्शन मिळत होती. पेन्शन घेणाऱ्याने दर नोव्हेंबरात आपण हयात असल्याची नोंद करायची, हा नियम जुना. यंत्र नवं. महिनाअखेरपर्यंत त्याने हो म्हटलं नाही, तर सरकारदरबारी शैलजा मेली. पेन्शन बंद, त्याच क्रमांकाला जोडलेलं औषधांचं कार्ड बंद, आणि स्कूटर क्लासचा परवानाही रद्द. हा क्लास म्हणजे तिचा जीव. स्वतः चाळिशीनंतर स्कूटर शिकलेली ही बाई आता गावातल्या बायकांना, त्यातही वय झालेल्या बायकांना, स्टेशनमागच्या मैदानात विजेवरची स्कूटर शिकवत असे. "ब्रेक आधी, ओरडणं नंतर" हा तिचा पहिला धडा. श्रेणिकची बायकोही तिच्याच हाताखाली शिकलेली.

"आठ दिवस आहेत अजून," श्रेणिक म्हणाला. "सुधारेल."

"सुधारायला मला काय झालंय?"

त्याने पुढच्या नंबराला हाक मारली.

हे यंत्र पुण्याच्या 'त्वचाबिंब' नावाच्या कंपनीने बनवलेलं होतं आणि त्या कंपनीत शैलजाची एकुलती मुलगी केतकी संशोधक होती. ही गोष्ट शैलजा एरवी गावभर सांगायची. त्या दिवशी केंद्रात तिने ती सांगितली नाही. बाहेर येऊन, स्कूटरवर बसूनच तिने फोन लावला.

"केतकी, तुझ्या यंत्राने मला मारलं."

"आई, मी मीटिंगमध्ये आहे."

"मग सगळ्यांना सांग, आई वारली म्हणून. रजा तरी मिळेल."

कंपनीचा मूळ धंदा सिनेमाचा. संगणकावर माणसाचा चेहरा उभा करायचा तर नाक, डोळे, ओठ जमवणं सोपं. त्वचा जमवणं महाकठीण. भिंतीवर प्रकाश पडला की तो पृष्ठभागावरून परत फिरतो. त्वचेचं तसं नाही. प्रकाशाचा थोडा भाग वरच्या तेलकट थरावरून परततो, ती आपल्याला चकाकी दिसते. उरलेला आत शिरतो. तिथे मेलॅनिनचे कण त्यातला काही गिळतात, रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा भाग खातं, आणि बाकीचा प्रकाश इकडेतिकडे धडका घेत, शिरला तिथून नव्हे तर थोडा बाजूने बाहेर पडतो. जिवंत चेहऱ्याचा मऊपणा येतो तो या भटकण्यातून. मेणाच्या पुतळ्यात, रबरी मुखवट्यात, पडद्यावरच्या फोटोत ते भटकणं नसतं, म्हणून ते निर्जीव वाटतात.

कोणाची त्वचा प्रकाशाशी कशी वागते, हे त्याच्या छायाचित्रावरून ओळखायचं, हे कंपनीचं कसब. त्यात एक मूलभूत अडचण असते. छायाचित्र म्हणजे प्रकाश आणि त्वचा यांचा गुणाकार. उत्तर बारा आहे एवढंच कळलं, तर मूळ आकडे तीन आणि चार होते की दोन आणि सहा, हे कसं सांगणार? तिथे यंत्राला अनुभवावर विसंबावं लागतं. हजारो माणसांना दिव्यांच्या घुमटात बसवून त्यांची त्वचा आधी नीट मोजून ठेवायची. मग नवा चेहरा समोर आला की यंत्र त्या साठ्याच्या आधारे म्हणतं, अशा वयाच्या अशा बाईची त्वचा साधारण अशी असते.

हे तंत्र इतकं सुधारलं की काही लोकांनी ते वापरून मेलेल्या बापांचे चेहरे पडद्यावर जिवंत केले आणि घरबसल्या त्यांच्या हयातीच्या नोंदी केल्या. पेन्शनी चालू राहिल्या. प्रकरण उघडकीला आलं तेव्हा पेन्शन खातं हादरलं. त्वचाबिंबने पुढे होऊन सांगितलं, खोटी त्वचा बनवायला आम्ही शिकलो, तर ओळखायलाही आम्हीच शिकवू. त्यातून हे यंत्र आलं, आणि पहिल्या वर्षी ते फक्त कुटुंबाची पेन्शन घेणाऱ्यांसाठी लावलं. अशी पेन्शन घेणारे बहुतेक कोण असतात, याचा विचार करार करताना कोणाच्या मनात आला नाही.

शनिवारी केतकी मिरजेला आली. हातात कंपनीचा टॅब आणि निळ्या प्रकाशाचा एक दिवा. चहाही न घेता तिने टॅब आईपुढे धरला.

"यंत्राला तू कशी दिसलीस ते बघायचंय?"

"दाखव."

पडद्यावर शैलजाचा चेहरा होता. सुरकुत्या तिच्या, हनुवटीवरचा तीळ तिचा. रंग मात्र राखाडी, ओठांभोवती निळसर झाक. शैलजाने हा रंग आयुष्यात एकदाच पाहिला होता, सिव्हिलच्या अतिदक्षता विभागात, नर्सने चादर वर ओढायच्या आधी. तिने टॅब पालथा टेबलावर ठेवला.

"हे दुरुस्त कर," ती म्हणाली.

"तेच करायला आलेय."

केतकीने दुपारभर पडदे ओढून घेतले आणि साठ्यातले पन्नाशीपुढच्या बायकांचे चेहरे एकेक करून चाळले. साध्या उजेडात त्यात काही वावगं नव्हतं. मग तिने फक्त निळ्या दिव्याखाली घेतलेली चित्रं काढली आणि शैलजाला हाक मारली. चेहऱ्यांवर, गालांच्या कडेला, कानांमागे, गळ्याच्या वळीत हिरवट पिवळी चमक होती. जणू कोणी आतून दिवा लावला होता.

"हे काय गं?"

केतकी स्वयंपाकघरात गेली. डब्यातली चिमूटभर हळद तिने मनगटावर चोळली, साबणाने खसखसून धुतली, टॉवेलने पुसली. हात कोरा दिसत होता. तिने तो निळ्या दिव्याखाली धरला. मनगट हिरवं पिवळं पेटलं.

"हळद निळा प्रकाश पिते आणि हिरवा करून परत देते," ती म्हणाली. "आमचं सगळं गणित असं धरून चालतं की, जो रंग पडला तोच कमी होऊन परत येतो. ह्या बायकांच्या त्वचेतून पडला त्यापेक्षा जास्त हिरवा बाहेर येत होता. यंत्र शिकलं की म्हाताऱ्या बाईची जिवंत त्वचा अशीच असते. आणि जिच्यातून तो हिरवा येत नाही..."

"ती मेलेली."

"हो."

"आणि पुरुष?"

"पुरुष आणि तरुण मुली पुण्यातल्या लॅबमध्ये मोजल्या. कॉलेजची मुलं, कंपनीतली माणसं, त्यांचे वडील. ते आपणहून आले. म्हाताऱ्या बायका कोणी लॅबमध्ये येईना. मग मीच म्हटलं, आपण त्यांच्याकडे जाऊ. जिथे त्या जमतात तिथे."

शैलजाला आठवलं. दोन वर्षांपूर्वी, जयसिंगपूरच्या मंगल कार्यालयात, तिच्या दिराच्या मुलाचं लग्न. केतकीने हळदीच्या मांडवाशेजारच्या खोलीत दिव्यांचा घुमट मांडला होता. हळद झाली की हात-तोंड धुऊन बायका हसत-खिदळत आत जात, घुमटात बसत, आणि बाहेर येऊन आपला फोटो कसा आला ते विचारत. पुढे दोन मोसम केतकीच्या माणसांनी कार्यालयांमागून कार्यालयं पालथी घातली. मोजायला सोपं, बायका खुशीत, चहा-फराळ फुकट.

"चाचणी केली नव्हती?"

"केली होती. पण त्याच साठ्यातले काही चेहरे बाजूला ठेवून. त्यांनाही हळद होतीच." केतकीने दिवा बंद केला. "सगळे आकडे उत्तम आले."

त्या लग्नात शैलजा घुमटात बसली नव्हती. जाऊबाईंनी सकाळीच तिच्या हातात किल्ली दिली होती. "वहिनी, कोठीघर तुम्ही सांभाळा बाई. तुमच्याशिवाय मला कुणाचा भरवसा नाही." किती गोड बोलल्या होत्या. शैलजा दिवसभर लाडवांच्या परातींपाशी बसून होती. तिच्यासारख्या आणखी दोघी तिथेच होत्या, खोबरं किसत. तिघींनाही कोणी 'येऊ नका' म्हटलं नव्हतं. म्हणावं लागलंच नव्हतं.

"मला बोलवायला का नाही आलीस, मोजायला?"

"मला वाटलं, तुला तिकडे यायला आवडणार नाही."

"विचारलं असतंस तर कळलं असतं की."

केतकीने मान खाली घातली. शैलजाने चहा टाकला. तिला पोरीचा राग आला होता आणि पोरीची हुशारीही पाहून झाली होती. दोन्ही एकाच वेळी बोलून दाखवणं तिला जमण्यासारखं नव्हतं, म्हणून तिने आलं जरा जास्तच ठेचलं.

सोमवारी केतकीने कंपनीत सगळं मांडलं. तिचे साहेब निरंजन साठ्ये यांनी शांतपणे ऐकून घेतलं. साठा नव्याने मोजायचा, यंत्र नव्याने शिकवायचं, खात्याची मंजुरी घ्यायची, म्हणजे चार महिने. नोव्हेंबर संपायला उरले होते पाच दिवस. साठ्ये हुशार गृहस्थ. त्यांनी दहा मिनिटांत तोडगा काढला. त्यात खर्च नव्हता आणि मंजुरीची गरजही नव्हती.

मंगळवारी सेवा केंद्रात यंत्राशेजारी स्टुलावर स्टीलची वाटी आली. वाटीत कालवलेली हळद. वर छापील पाटी: 'महिलांनी नोंदणीपूर्वी दोन्ही गालांस किंचित हळद लावावी.'

शैलजा पोचली तेव्हा वाटीपुढे अनसूयामावशी उभी होती. मावशी चौऱ्याहत्तरची. ऐन पंचविशीत नवरा गेला, तेव्हापासून कुणाच्या हळदीला गेली नव्हती. गेल्या आठवड्यात यंत्राने तिलाही मेलेली ठरवलं होतं.

"श्रेणिक, खरंच लावू?" ती विचारत होती. "नंतर कुणी काय म्हणणार नाही नव्हं?"

"पाटीवर लिहिलंय मावशी. वरनं आलंय."

"वरनं म्हणजे सरकारनं?"

"होय."

मावशीने एक बोट बुडवलं. गालाला टेकवलं. मग दुसरं. मग पूर्ण तळवा घातला आणि दोन्ही गाल, कपाळ, गळा, कोपरापर्यंत हात माखून घेतले. माखता माखता ती हसत होती, आणि हसता हसता नाक ओढत होती. श्रेणिक म्हणाला, "मावशी, किंचित लिहिलंय," तर म्हणाली, "गप रे, तुला काय कळतंय किंचित."

"सजीव त्वचा आढळली," यंत्र म्हणालं. "धन्यवाद."

बाकावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. शैलजानेही वाजवल्या. मावशीच्या त्या पिवळ्या तोंडाकडे पाहून तिला भरून आलं होतं, हे तिने स्वतःपासून लपवलं नाही. मग तिचा नंबर आला. श्रेणिकने वाटी पुढे सरकवली.

"नको," शैलजा म्हणाली.

"काकू, एक बोट फक्त."

"नको म्हटलं ना."

यंत्राने तिला पुन्हा मेलेली ठरवलं. ती उठली आणि क्लासला गेली.

बातमी घरी पोचायला वेळ लागला नाही. आधी जाऊबाईंचा फोन आला. "वहिनी, लावा की. आता कुठं कोण काय मानतंय?" शैलजाने विचारलं, "आता म्हणजे कधीपासून?" जाऊबाईंनी फोन ठेवला. मग एकोणतीस तारखेला केतकी स्वतःच आली. शेवटच्या दिवसासाठी कंपनीने आपली माणसं केंद्राकेंद्रांवर पाठवली होती. तिच्या वाट्याला मिरज आलं होतं, किंवा तिने मागून घेतलं होतं.

"आई, मला कळतच नाही," ती म्हणाली. "तू टिकली लावतेस. बाबांच्या वर्षश्राद्धाच्या आतच तू हिरवी साडी नेसलीस, काका किती बोलले तुला. सगळं झुगारलंस. मग हळदीचंच काय? लावलीस तर उलट सगळ्यांच्या नाकावर टिच्चून लावल्यासारखं होईल."

"नाकावर टिच्चून लावायची तर माझ्या मनाने लावीन. पुढच्या लग्नात कोठीघराची किल्ली जाऊबाईंच्या हातात देईन आणि जाऊन मांडवात बसेन. बघच तू."

"मग उद्या का नाही?"

"कारण उद्या मला कोणी हळद लावत नाहीये. उद्या मला जिवंत असल्याचं सर्टिफिकेट पाहिजे म्हणून रंग फासायला सांगतायत." शैलजा भाजी चिरत होती, सुरी थांबली. "नऊ वर्षं लोक म्हणाले, लावू नको. मी नाही लावली, मला फरक पडला नाही. आता यंत्र म्हणतं, लाव. दोन्ही वेळा मला कोणी विचारलं? मावशीला हवी होती, तिने लावली, छान झालं. मला नकोय. बिनहळदीची मी मेलेली असते का? सांग."

"नसतेस."

"मग चूक कोणाच्या तोंडावर आहे? माझ्या की यंत्राच्या?"

"यंत्राच्या."

"तर मी माझं तोंड का दुरुस्त करू?"

केतकी खुर्चीत बसली. "आई, परवा एक तारीख. तू खरंच नोंदीत मेलेली होशील. ते उलटं फिरवायला वर्ष जातं. बीपीची गोळी कार्डावर मिळते तुला. क्लास बंद पडेल."

"ठाऊक आहे."

"आणि साठ्ये सर म्हणतात, केतकीची आईच ऐकत नाही, तर बाकीच्या काय ऐकणार."

"त्यांना सांग, केतकीची आई केतकीचंही ऐकत नाही."

केतकीला हसू आलं, ते तिने दाबलं.

तीस तारखेला दुपारी शैलजा केंद्रात गेली तेव्हा तिच्यामागे स्कूटरींची रांग होती. तिने कुणाला चला म्हटलं नव्हतं. रझियाबी आल्या होत्या, रेल्वेतल्या फिटरच्या मागे राहिलेल्या, गेल्याच महिन्यात गिअर नसलेली गाडी नको म्हणून भांडलेल्या. "हळद आमच्यातही लावतात लग्नात," त्या श्रेणिकला म्हणाल्या, "पण लग्नात. ऑफिसात नाही." मास्तरीण कुंभोजकरबाई आल्या होत्या. आणखीही पाच-सहा जणी. सगळ्यांचे चेहरे धुतलेले, कोरे. अनसूयामावशी नुसतीच बघायला आली होती. तिच्या कानामागे अजून पिवळं होतं.

शैलजाने हनुवटी पट्टीवर टेकवली.

"सजीव त्वचा आढळली नाही."

ती उठली नाही.

"काकू, पाचला नोंदणी बंद होते," श्रेणिक म्हणाला. कोपऱ्यात केतकी कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालून उभी होती. तिच्याकडे त्याने मदतीसाठी पाहिलं.

"होऊ दे. माझी नोंद तू कर," शैलजा म्हणाली. "माझ्याकडे बघ आणि हाताने लिही: शैलजा मगदूम, हयात नाही. खाली तुझी सही कर. यंत्राला काय, ते कुणालाही मेलेलं म्हणेल. तू म्हण."

"काय बोलताय काकू. मी कसं लिहीन असं?"

"मग हयात आहे असं लिही."

"तेही नाही लिहिता येत. यंत्र चालू असताना मला हाताने नोंद करायचा अधिकार नाही. ते बंद असलं तरच केंद्रचालकाने समक्ष बघून..." तो थांबला.

"समक्ष बघून काय?" रझियाबींनी विचारलं.

"नोंद करायची. नियम आहे तसा. पण ते बंद पडत नाही कधी. बॅटरी आहे आत."

सगळ्यांच्या नजरा यंत्रावरून हळूहळू केतकीवर गेल्या. शैलजाने मात्र पोरीकडे पाहिलं नाही. तिने कितीतरी बायकांना गाडी शिकवली होती. कुठे हँडल सोडायचं ते तिला कळत होतं.

केतकी पुढे आली. यंत्राच्या बाजूचं झाकण तिने आपल्या किल्लीने उघडलं.

"मॅडम, हे करता येतं तुम्हाला?" श्रेणिकने विचारलं.

"दुरुस्तीसाठी बंद करायची परवानगी आहे मला."

"काय बिघडलंय म्हणून लिहू?"

"जिवंत माणसाला मेलेलं दाखवतं."

"आणि दुरुस्त कधी होणार? तेही विचारतात फॉर्मवर."

"चार महिन्यांनी," केतकी म्हणाली.

तिने आतला खटका ओढला. पंख्याची घरघर थांबली, काळ्या काचेमागचा लाल ठिपका विझला. लगेचच तिचा फोन वाजला. तिने तो उचलला, आणि साठ्ये एवढ्या मोठ्याने बोलत होते की शैलजाला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"केतकी, मिरजेचं यंत्र बंद कसं पडलं? मला तर इथे सगळं ठीक दिसत होतं."

"ठीक नव्हतं सर. मी बंद केलं."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"माझ्या."

"तुझं नाव लागेल त्याला. समजतंय का तुला?"

"घातलंय मी नाव. आणि सर, एक तारखेपासून मी इथेच थांबतेय, घुमट घेऊन. ह्या बायकांना कोऱ्या तोंडाने मोजायचंय. तुम्हाला माप हवं असेल तर पाठवते. नको असेल तरी मोजणार."

पलीकडून काही तरी लांबलचक आलं. केतकीने ते शेवटपर्यंत ऐकलं, "बरं" म्हणाली, फोन खिशात टाकला आणि गळ्यातलं ओळखपत्र काढून खटक्यापाशी ठेवलं. शैलजाला उठून तिचा हात धरावासा वाटला. ती बसून राहिली. आत्ता उठली असती, तर यंत्रासमोरची जागा सुटली असती.

"श्रेणिक," ती म्हणाली. "बघ."

श्रेणिक तिच्यासमोर येऊन उभा राहिला. आधी त्याने तिच्या चष्म्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. एका बाईच्या चेहऱ्याकडे असं रोखून बघायची त्याला सवय नव्हती, आणि शैलजालाही असं कोणी बघायची. सगळं उघड्यावर होतं: हेल्मेटच्या पट्ट्याखाली गोरी राहिलेली रेघ, नाकावरचं वांग, दुपारच्या उन्हाने आलेली घामाची चकाकी. तिने काही लपवलं नाही, पदर सारखा केला नाही. तिने त्याची नजर धरून ठेवली. शेवटी त्याची नजर स्थिर झाली. तो खाली वाकला आणि त्याने लिहिलं. सही करताना त्याने दोनदा दाबून केली.

"पुढे कोण?" तो म्हणाला.

रझियाबी बसल्या. मग कुंभोजकरबाई, त्यांनी त्याला दटावलं, "नीट बघ, घाई करू नकोस, पाचला वेळ आहे अजून." मग बाकीच्या, एकामागून एक. प्रत्येकीसमोर तो उभा राहायचा, बघायचा, लिहायचा. हळूहळू त्याला ते जमायला लागलं. केतकी दारापाशी उभी राहून पाहत होती. शैलजा तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली होती, खांद्याला खांदा लावून.

शेवटची बाई उठल्यावर श्रेणिकने पेनाला टोपण लावलं. तेवढ्यात खुर्ची पुन्हा करकरली. अनसूयामावशी बसली होती.

"मावशी, तुमचं झालंय की," तो म्हणाला. "मंगळवारीच हयात म्हणून नोंद झाली. यंत्रानेच केली."

"ठाऊक आहे मला. यंत्रानं बघितलं," मावशी म्हणाली आणि तिने तोंड वर केलं. "आता तू बघ."